कोकणातल्या बागेसाठी कमळासारखी सक्युलंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सक्युलंट म्हणजे जाड, रसदार पानांत पाणी साठवणारी झाडं. गेली आठ-नऊ वर्षं त्यांच्याबद्दलचे हे प्रश्न मला कोणी ना कोणी विचारत आलं आहे. कधी शेजारच्या वहिनी, कधी गणपतीला आलेले पाहुणे, कधी ज्यांना मी झाडांची पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटलेली रोपं, दिली ते लोक. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून पाच मिनिटांच्या चालीवर आहे. जांभ्याचं अंगण, पूर्वेला पडवी आणि पश्चिमेला माड. पुण्या-नाशिकच्या बागांसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, हे मी झाडं गमावून शिकले. म्हणून ही उत्तरं फक्त किनारपट्टीवरच्या लोकांसाठी लिहिली आहेत.

रोझेट म्हणजे नक्की काय?

सगळी पानं एकाच मध्यबिंदूभोवती, जवळजवळ, फुलाच्या पाकळ्यांसारखी रचलेली असली की त्या आकाराला रोझेट म्हणतात. कमळ किंवा गुलाब डोळ्यांसमोर आणा, फक्त पाकळ्यांच्या जागी जाड, रसदार पानं. आपली कोरफडही रोझेटच आहे आणि घायपातही.

एखादं चांगलं वाढलेलं झाड वरून नीट बघा. प्रत्येक नवं पान आधीच्या पानापासून साधारण 137.5 अंशांवर फुटतं, त्यामुळे कुठलंच पान दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावर येत नाही. पानांच्या फिरत्या रांगा मोजल्या तर बहुतेक वेळा 5, 8 किंवा 13 भरतात. उजेड सगळ्यांना मिळतो आणि पावसाचा थेंब पानापानावरून आत, मुळाकडे जातो. जिथे महिनोन्‌महिने पाऊस नसतो तिथे ही रचना जीव वाचवते. आपल्याकडे आषाढात मात्र तीच वाटी पाण्याने भरून राहते आणि झाड आतून कुजतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

पण कोकणच्या हवेत ही झाडं जगतात का?

जगतात, पण सगळी नाही. फोटो बघून निवडलेलं झाड पहिल्या पावसाळ्यात जातं, पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून निवडलेलं टिकतं.

दोन अडचणी आहेत. पहिली सगळ्यांना दिसते: रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. दुसरी अडचण दिसत नाही, ती म्हणजे आपल्या उबदार रात्री. ही झाडं दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडत नाही, आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात. दिवसा उजेड आला की त्यावर अन्न तयार होतं. हे काम थंड रात्री चांगलं चालतं. यांतली बरीच झाडं मूळची जिथली, त्या मेक्सिकोच्या डोंगरात दिवस तापला तरी रात्री पारा खाली येतो. आपल्याकडे जुलैच्या रात्रीही 24-25 अंश असतात, हवा ओलीगच्च असते आणि वर ढग. झाड धड खात नाही आणि धड झोपतही नाही. अशात मुळाशी ओल राहिली की बुरशीला मोकळं रान मिळतं.

सुरुवात कोणत्या जातींनी करू?

माझी निवड सांगते, त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्स. नाव पॅराग्वेचं असलं तरी झाड मूळचं मेक्सिकोच्या तामौलिपास भागातलं आहे, नाव देताना चूक झाली ती तशीच राहिली. सावलीत याची पानं राखाडी-निळसर दिसतात आणि उन्हात गुलाबी झाक येते. दोन-चार सरी अंगावर आल्या तरी झाड तक्रार करत नाही. देठ वाढत जाऊन खाली लोंबतो, त्यामुळे चिऱ्याच्या कठड्यावरून सोडलं तर फार शोभतं. याचाच सेडम या दुसऱ्या सक्युलंटशी झालेला संकर, तांबूस रंगाचा ग्रॅप्टोसेडम, तोही तितकाच चिवट आहे.

दुसरी हॅवर्थिया आणि तिच्या जवळची हॅवर्थिऑप्सिस. ही दक्षिण आफ्रिकेची झाडं, तिथे झुडपांच्या किंवा दगडांच्या आडोशाला वाढतात. म्हणून पडवीतला उजेड त्यांना पुरतो, आणि कोकणातल्या घराला पडवी असतेच. एड्रियन हॅवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव या प्रजातीला 1809 मध्ये मिळालं. पुढे 2013 मध्ये त्यातल्या कडक पानांच्या जाती वेगळ्या काढून त्यांना हॅवर्थिऑप्सिस म्हणू लागले. रोपवाटिकेत अजून सगळ्यांना हॅवर्थियाच म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. पानांच्या पाठीवर पांढऱ्या आडव्या रेघा असलेली अटेन्युआटा सर्वांत सोपी. लिमिफोलियाची पानं भोवऱ्यासारखी फिरत जातात आणि त्यांवर कपडे धुण्याच्या फळीसारखे कंगोरे असतात. कूपेरी मात्र नाजूक. तिच्या पानांची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात, कारण मूळ जागी ती जवळपास पूर्ण जमिनीत असते आणि त्या टोकांतूनच उजेड आत घेते. दोन पावसाळे हॅवर्थिया सांभाळून झाल्याशिवाय कूपेरी घेऊ नका.

तिसरं, बुटकं सॅन्सेव्हेरिया (स्नेक प्लांट), ‘हानी’ नावाचं. 1939 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या एका रोपवाटिकेत उंच सॅन्सेव्हेरियातून हा बुटका प्रकार निघाला. पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो. आपल्या उबदार रात्री त्याला उलट मानवतात. फक्त पानांच्या मधल्या वाटीत पाणी साचू देऊ नका.

चौथी कोरफड. ती घरात असतेच, म्हणून लोक तिला बागेतलं झाड मानत नाहीत. उंचवट्यावर, मोकळ्या उन्हात लावलेली कोरफड थंडीत पिवळ्या फुलांचा तुरा काढते तेव्हा सूर्यपक्षी तिच्यावर येऊन बसतात. त्याहून सुंदर दृश्य माझ्या बागेत दुसरं नाही.

मला एचेव्हेरियाच हवी आहे. ती होईल का?

हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मला तो समजतो. रोझेटमध्ये सर्वांत देखणी तीच. 1828 मध्ये तिला नाव मिळालं ते अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकारावरून. स्पेनच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेसाठी त्याने मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रं काढली होती.

पहिल्या वर्षी मी चौदा एचेव्हेरिया आणल्या. रोपवाटिकेत सांगितलं, “कुठेही लावा, आठवड्यातून एकदा पाणी द्या.” त्या थंड डोंगरातून आलेल्या होत्या आणि कोकोपीटमध्ये होत्या. मी त्या तशाच ठेवल्या. आषाढ संपेपर्यंत दोन उरल्या. त्या दोन कोणत्या आणि का उरल्या, याचा विचार करण्यात माझं पुढचं वर्ष गेलं. दोन्ही मातीच्या कुंड्यांत होत्या आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत होत्या. तिथे झड येत नाही आणि वारा दिवसभर खेळतो.

तेव्हा उत्तर असं: होईल, पण ती कुंडीतच ठेवायची आणि जून ते ऑक्टोबर छपराखाली. जातींमध्येही फरक आहे. ‘पेर्ले फॉन न्यूर्नबेर्ग’ ही जांभळट-गुलाबी जात आणि एचेव्हेरियाचे ग्रॅप्टोपेटॅलमशी झालेले संकर, ज्यांना ग्रॅप्टोव्हेरिया म्हणतात, ते आमच्याकडे टिकले. दाट पांढरी भुकटी असलेली लिलासिना दोनदा आणली, दोनदा गेली. मखमली केस असलेल्या जातींचंही तेच, केसांत ओल अडकून राहते.

ती पांढरी भुकटी धूळ नसते, मेण असतं. उन्हापासून आणि पाण्यापासून पानाचं रक्षण करतं. बोटाने पुसलं की त्या पानावर पुन्हा येत नाही. म्हणून एचेव्हेरिया उचलायची ती कुंडीला धरून.

सेम्परव्हिवम आणि एओनियमबद्दल काय?

सेम्परव्हिवम या लॅटिन नावाचा अर्थच ‘सदा जिवंत’. युरोपच्या डोंगरातलं हे झाड बर्फाखालीही जगतं. घरावर वीज पडू नये म्हणून ते छपरावर लावायची तिकडे रीत होती, आणि बाराशे वर्षांपूर्वीच्या शार्लमेन राजाच्या फर्मानात माळ्यांनी ते घरावर लावावं असं नमूद आहे. आपल्या कौलांवर मात्र ते नाही जगणार. त्याला थंडी हवी आणि ती आपल्याकडे नाही. एओनियम कॅनरी बेटांचं. ते हिवाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात झोपतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान दिसतं, पुढे रया जाते. दोन्हींवर पैसे घालू नका.

घायपात बागेत लावावी का?

गडग्यावर, बांधावर कुंपण म्हणून आपल्याकडे ती पूर्वीपासून आहे. मोठी निळसर घायपात छोट्या अंगणात लावू नका. तिची टोकं डोळ्याच्या उंचीला येतात आणि पानाचा रस अंगाला लागला की खाज सुटते. तोडताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

अंगणासाठी दोन जाती चांगल्या. अगावे (घायपातीचंच शास्त्रीय नाव) अटेन्युआटाला काटेच नसतात, फिकट हिरवी मऊ पानं एखाद्या मोठ्या फुलासारखी उमलतात. दुसरी पांढऱ्या कडांची अँगुस्टिफोलिया. ती टोकदार आहे, पण आकाराने आवरती आणि पावसाला खंबीर. दोन्ही जमिनीत लावता येतात, अट एकच: पाणी उतरून जाईल असा उतार.

माती कशी करू?

आपल्या जांभ्याची तांबडी माती एकटी वापरू नका. ओली झाली की चिकटते, सुकली की घट्ट बसते. मी तीन भाग बारीक खडी, एक भाग चाळलेली माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत घेते. खडी मसुरापासून वाटाण्याएवढी. विटांचे तुकडे चालतात, चुलीतले विझलेले कोळसेही चालतात, पण दोन्हींची पूड चाळून टाका, कारण पूडच भोक बुजवते. चिऱ्याचा चुरा याच कारणासाठी फारसा उपयोगाचा नाही.

किनाऱ्यावरची वाळू नको, त्यात मीठ असतं. सोडणांचा काथ्या आणि कोकोपीट आपल्याकडे मुबलक मिळतं, पण ते पाणी धरून ठेवतं. ऑर्किडला द्या, या झाडांना नको. रोपवाटिकेतून आणलेलं रोप कोकोपीटमध्ये असेल तर मुळं हलकेच मोकळी करून ते सगळं झाडून टाका.

पावसाळ्यात नेमकं काय करायचं?

मृग लागायच्या आधी, मे संपता संपता, कुंड्या हलवायच्या. “पाऊस सुरू झाला की बघू” असं म्हणालात तर पहिल्याच वळवाने नासधूस होते.

जागा निवडताना झड बघा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो, म्हणून पश्चिमेची पडवी छप्पर असूनही भिजते. पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू घ्या. वळचणीखाली तर अजिबात नाही, पागोळीचं पाणी थेट झाडाच्या मध्यावर पडतं. पडवीच नसेल तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा उतारावर बसवा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. प्लास्टिकने सगळीकडून बांधलेल्या जागेत झाडं घुसमटून कुजतात. पत्रा घट्ट आवळा. जून 2020 च्या निसर्ग वादळात घरंदारं उघडी पडली, तिथे शेडनेटची काय कथा.

कुंडी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, खालून वारा फिरतो. खाली बशी नको. दोन कुंड्यांत चार बोटं अंतर. जून ते सप्टेंबर खत बंद, आणि पाणी जवळपास बंद. मी जुलै-ऑगस्टमध्ये हॅवर्थियाला महिन्यातून एकदा, तेही उघडीप असेल तेव्हा, कडेने थोडंसं देते. हवेतल्या ओलीवर झाडं निघून जातात. थोडी सुरकुततात, पण मरत नाहीत.

आणि चुकून पाणी मध्यभागी पडलंच तर? टिश्यू पेपरची बारीक वात वळा आणि तिचं टोक रोझेटच्या पोटात हलकेच टेकवा. पाणी वातीत चढताना दिसतं. एका झाडाला दहा सेकंद लागतात.

जमिनीतल्या झाडांसाठी दीड फूट उंच वाफा करा, चिऱ्यांची कड द्या आणि झाड सपाट न लावता थोडं तिरकं लावा. गडग्याच्या भेगेत तर फारच छान. एचेव्हेरिया तिच्या मूळ जागी कड्यांवर अशीच कलती वाढते, मधलं पाणी आपोआप ओघळून जातं.

पानं पिवळी पडली. सुकलीत की कुजलीत, कसं ओळखू?

सर्वांत खालचं पान दोन बोटांत धरा. कागदासारखं कोरडं, तपकिरी असेल तर काळजी नाही, म्हातारं पान गळणारच. ते ओढून काढा, नाहीतर त्याखाली कीड लपते. पण पान पिवळट, अर्धपारदर्शक, आत पाणी भरल्यासारखं असेल आणि नुसत्या स्पर्शाने गळत असेल तर मुळं गेलेली आहेत.

त्याच दिवशी झाड उपटा. धारदार पातं स्पिरिटने पुसून देठाची चकती कापा. मध्ये काळपट किंवा तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, आणि प्रत्येक कापाला पातं पुसा. चकती पूर्ण हिरवट-पांढरी दिसेपर्यंत कापत जायचं. एकदा मी शेवटी फक्त रुपयाएवढी मधली गुंडी वाचवली होती. आज ते झाड वीतभर आहे. कापलेल्या जागी हळद लावा आणि झाड वाऱ्याला, सावलीत, रिकाम्या वाटीवर पाच-सात दिवस ठेवा. काप सुकून कडक झाला की कोरड्या खडीवर टेकवा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही.

पावसाळा निभावला, पण ऑक्टोबरमध्ये पानं भाजली. असं का?

चार महिने ढगाखाली राहून पानं कोवळी झालेली असतात, झाड उजेडाकडे ताणलेलं असतं. ढग हटले की लोक आनंदाने कुंड्या अंगणात आणतात आणि दोन दिवसांत पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात. ते डाग जात नाहीत. पहिले दहा-पंधरा दिवस फक्त सकाळी नऊपर्यंतचं ऊन द्या, मग हळूहळू वाढवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी हवी. हॅवर्थियाला थेट दुपारचं ऊन कधीच नको.

मग पाणी कधी द्यायचं?

वारानुसार नाही. कुंडी उचलून बघा, हलकी लागली आणि खालची पानं किंचित मऊ झाली की द्या. नोव्हेंबर ते मे आमच्याकडे हे साधारण आठ ते बारा दिवसांनी येतं. द्यायचं तेव्हा खालून निथळेपर्यंत, सकाळी, मातीवर.

गणपतीला मुंबईहून भाचीने काचेच्या बरणीतलं सक्युलंट आणलं आहे. कुठे ठेवू?

बरणीतून काढा. काचेच्या भांड्याला भोक नसतं आणि भाद्रपदातली हवा अजून दमट असते. छोट्या मातीच्या कुंडीत, वरच्या मिश्रणात लावा, आठवडाभर पाणी देऊ नका, पूर्वेच्या खिडकीत ठेवा. बरणीत दुसरं काही लावता येईल, भाचीचं मन मोडायला नको.

रंगवलेलं झाड मिळालं, निळं किंवा सोनेरी, तर तो रंग पानांचा श्वास अडवतो. नवी पानं हिरवी आली की जुनी हळूहळू गळतील. तोवर त्याला भरपूर उजेड द्या.

एका पानापासून रोप करता येतं का?

पानफुटीचं पान वहीत ठेवून आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलं आहे. ग्रॅप्टोपेटॅलम आणि बऱ्याच एचेव्हेरियांना तसंच येतं, फरक इतका की रोप पानाच्या कडेला न फुटता तुटलेल्या टोकाला फुटतं. पान डावी-उजवीकडे हलवून देठापासून अख्खं निघालं पाहिजे, अर्धवट तुटलं तर काही येणार नाही. तीन-चार दिवस सुकवून खडीवर नुसतं ठेवा. आधी गुलाबी मुळं येतात, धाग्यासारखी, मग टाचणीच्या डोक्याएवढं रोझेट. डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. हॅवर्थिया, कोरफड, घायपात यांना बुडाशी पिल्लं येतात, ती मुळासकट वेगळी करा.

पांढरा कापूस दिसतोय, काय करू?

पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात बसतो आणि मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, चार-पाच दिवसांनी पुन्हा टिपा. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर संध्याकाळी, उन्हात पानं भाजतात. भुकटीच्या जातींवर तेल नकोच. गोगलगाई रात्री विजेरी घेऊन वेचा. माकडांवर माझ्याकडे एकच उपाय आहे: जाळीचा पिंजरा.

फूल आलं की झाड मरतं का?

एचेव्हेरिया, हॅवर्थिया, कोरफड मरत नाहीत. बहुतेक घायपाती मात्र आयुष्यात एकदाच फुलतात. मोठ्या घायपातीला लोक शंभर वर्षांचं झाड म्हणतात, खरं तर 10 ते 30 वर्षांत ती वीस-पंचवीस फुटी दांडा काढते आणि नंतर सुकते. तोवर बुडाशी पिल्लं झालेली असतात.

खाऱ्या वाऱ्याने पानांवर थर बसतो. धुवावा का?

हो, दिवाळीनंतर महिन्यातून एकदा, सकाळी, गोड्या पाण्याने, आणि मधलं पाणी टिपून घ्या. कोरफड आणि घायपात खारा वारा चांगला सोसतात, त्यांना समुद्राच्या बाजूला लावा आणि बाकीच्यांना त्यांच्या आडोशाला.

घरात मांजर आणि लहान मूल आहे. कोणती सुरक्षित?

हॅवर्थिया आणि एचेव्हेरिया विषारी नाहीत. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक आणि सॅन्सेव्हेरिया मांजर-कुत्र्यांना बाधतात, त्या उंचावर ठेवा. घायपात मुलं खेळतात तिथून दूर.

विकत कधी घ्यावीत?

दिवाळी झाल्यावर, फेब्रुवारीच्या आत. म्हणजे पावसाआधी मुळं धरायला निदान चार महिने मिळतात. मे महिन्यात स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घेताना झाड हलवून बघा, डुलत असेल तर मुळं नाहीत. आणि पहिल्या वर्षी तीनच घ्या: एक ग्रॅप्टोपेटॅलम, एक रेघांची हॅवर्थिया, आणि एक तुमच्या मनात भरलेलं कुठलंही.